आईचं घर, मामाची सही

पश्चिम सुमात्राच्या डोंगराळ भागात आजीकडून चालत आलेली भातशेती विकायची नाही, असा दंडक आहे. फारच अडलं तर गहाण टाकता येते, पण त्यालाही चारच कारणं चालतात. घरात मयत आहे आणि अंत्यविधीला पैसा नाही. मुलगी लग्नाची झाली आहे आणि खर्च झेपत नाही. कुळाच्या मोठ्या घराचं छप्पर गळतं आहे. किंवा कुळप्रमुखाची पदवी रिकामी पडली आहे आणि नव्या माणसाला ती द्यायचा समारंभ करायचा आहे. नवऱ्याचा धंदा बुडाला, पोराला मोटरसायकल हवी, जावयाला दुकान टाकायचं आहे, ही कारणं त्या यादीत बसत नाहीत. चारांपैकी एखादं खरं ठरलं तरी घरातल्यांचं एकमत लागतं आणि कुळातल्या वडीलधाऱ्या मामाची सही लागते. जमीन आईच्या वंशाची, राखण आईच्या भावाची. नवऱ्याला यात कोणी विचारत नाही.

हा दंडक पाळणारे लोक म्हणजे मिनांगकाबाऊ. २०१०च्या जनगणनेत इंडोनेशियात त्यांची संख्या सुमारे ६५ लाख भरली. त्यातले दोन तृतीयांशाच्या आसपास पश्चिम सुमात्रा प्रांतात, बाकीचे जकार्ता, रिआऊ, मेदान असे विखुरलेले. मलेशियातलं नगेरी संबिलान हे राज्यही त्यांच्याच पूर्वजांनी वसवलं आणि तिथंही बऱ्याच अंशी हीच रीत चालते. धर्मानं जवळजवळ सगळे सुन्नी मुसलमान, आणि धर्माच्या बाबतीत चांगलेच काटेकोर. मातृवंशीय समाज जगात बरेच आहेत. सर्वांत मोठ्यांपैकी हा एक.

या लोकांवरचं लेखन वाचायला घेतलं की दोन सूर ऐकू येतात. एक अचंब्याचा: इस्लाम आणि मातृवंश एका घरात नांदतात तरी कसे? दुसरा निर्वाणीचा: ही पद्धत आता थोड्या दिवसांची सोबती. हा दुसरा सूर डच अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातच लावला होता. तो अजून थांबलेला नाही, आणि पद्धतही थांबलेली नाही. मला त्यापेक्षा जेफ्री हॅडलर या अमेरिकन इतिहासकारानं २००८च्या पुस्तकात केलेली मांडणी पटते. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की या रीतीवर दोनशे वर्षं सतत हल्ले झाले, तिच्या बाजूनं सतत उत्तरं द्यावी लागली आणि त्या हुज्जतीतच ती तगली. त्याला मी एक पुस्ती जोडेन. ज्या गोष्टीवरून या लोकांनी कधी कडाक्याचं भांडण केलं नाही, ती त्यांची भाषा. आणि आज सैल पडते आहे ती भाषाच.

आधी घर पाहू. रुमा गाडांग म्हणजे मोठं घर. लाकडी खांबांवर उचललेलं, लांबट, छपराची टोकं म्हशीच्या शिंगांसारखी आभाळाकडे वळलेली. पुढच्या बाजूला आडवं सलग दालन, तिथं बैठका, जेवणावळी, लग्नं. मागच्या बाजूला ओळीनं खोल्या, आणि त्या खोल्या मुलींच्या. नुकतं लग्न झालेल्या मुलीला टोकाची खोली मिळायची. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं की थोरलीनं ती रिकामी करून पुढच्या खोलीत सरकायचं. म्हाताऱ्या बायका आणि लहान मुलं स्वयंपाकघराच्या बाजूला. वाढत्या मुलांना मात्र या घरात खोलीच नसायची. सात-आठ वर्षांचा झाला की मुलगा रात्री झोपायला सुराऊमध्ये जायचा. सुराऊ म्हणजे कुळाची छोटी प्रार्थनाशाळा. तिथं कुराण शिकायचं, सिलेक नावाची कुस्ती-पट्ट्याची विद्या शिकायची आणि मोठ्यांच्या गप्पा ऐकायच्या. लग्न झाल्यावर तो संध्याकाळी बायकोच्या घरी जायचा आणि सकाळी आईच्या शेतावर परतायचा. बायकोच्या घरात तो मानाचा पाहुणा. झाडाच्या खुंटावरची राख, वारा आला की उडणारी, असं त्याचं वर्णन तिथल्या म्हणीत आहे. त्याचा खरा अधिकार बहिणीच्या घरात, भाच्यांवर. भाच्यांचं शिक्षण, लग्न, भांडणतंटा सगळं मामानं पाहायचं. मामाक आणि कमानाकान, म्हणजे मामा आणि भाचरं, हा तिथल्या समाजाचा कणा होता.

शरद पाटलांची स्त्रीसत्तेची मांडणी वाचलेल्या मराठी वाचकाला इथं ते हरवलेलं स्त्रीराज्य सापडल्याचा भास होईल. पेगी सँडे या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तर अनेक वर्षं तिथं जाऊन-येऊन काम केलं आणि २००२मध्ये सरळ लिहिलं की याला मातृसत्ता म्हणायला हरकत नाही, फक्त सत्ता म्हणजे हुकूम चालवणं ही व्याख्या सोडा. मला ही सोय थोडी जास्त सढळ वाटते. दातुक ही कुळप्रमुखाची पदवी पुरुषाला मिळते, गावसभेत बोलतात ते पुरुष, मशिदीतही पुरुषच. बाईच्या हातात आहे ते घर, शेत आणि भाताचं कोठार. तेही थोडं नाही. नवऱ्यानं सोडलं म्हणून रस्त्यावर येण्याची वेळ तिथल्या बाईवर येत नाही, कारण निघून जायचं असतं ते नवऱ्याला.

मातृवंश आला म्हणजे बाईच्या मागचा सगळा जाच गेला, असं समजणाऱ्यानं पारियामान हे किनाऱ्यावरचं गाव पाहावं. तिथं मुलीकडच्यांनी नवऱ्यामुलाला ‘आणायला’ पैसे मोजायची चाल आहे. मुलगा डॉक्टर असेल किंवा बापाकडून सिदी, बागिंदो अशी पदवी घेऊन आला असेल तर आकडा वाढतो. आपल्या हुंड्याशी साम्य इतकं की दचकायला होतं. फरक मागच्या हिशेबाचा. तिथं लग्नानंतर मुलगी कुठं जात नाही, जातो तो मुलगा, आणि एक कमावता हात गमावणाऱ्या त्याच्या आईच्या घराची ती भरपाई, असं समर्थन दिलं जातं. मुलाकडूनही नंतर भेटवस्तू परत येतात. तरी मुलीच्या बापामामांची झोप उडते, हे काही चुकत नाही.

आता हल्ले. १८०३च्या सुमारास तीन हाजी मक्केहून परतले ते तिथल्या वहाबी चळवळीनं भारावून. त्यांच्या प्रेरणेनं उभी राहिली ती पाद्री चळवळ. ख्रिस्ती पाद्र्यांशी तिचा संबंध नाही. कोंबड्यांच्या झुंजी, जुगार, दारू, तंबाखू, विडा, सगळ्यावर बंदी आली. तुआंकू नान रेंचे या नेत्यानं तंबाखू खाल्ली म्हणून स्वतःच्या मावशीचा जीव घेतला, असं इतिहासकार नोंदवतात, आणि मातृवंशीय समाजात मावशी म्हणजे कोण, हे सांगायला नको. पागारुयुंगच्या मिनांगकाबाऊ राजघराण्यातल्या बहुतेकांची कत्तल झाली. घाबरलेल्या अदात-पक्षानं, म्हणजे जुन्या रीतीच्या लोकांनी, १८२१मध्ये डचांशी करार केला आणि घरातल्या भांडणाचं रूपांतर वसाहतीच्या युद्धात झालं. ते १८३७मध्ये बोंजोलचा किल्ला पडेपर्यंत चाललं. या कथेतला सगळ्यात विलक्षण भाग मधेच येतो. बोंजोलचे इमाम, पाद्रींचे सर्वांत मोठे नेते, यांनी आपली माणसं मक्केला पाठवली होती. ती १८३२मध्ये परत आली ती बातमी घेऊन, की तिथली वहाबी सत्ता केव्हाच कोसळली आहे. इमामांनी लोकांना बोलावलं, चूक कबूल केली, लुटलेला माल परत केला आणि जुन्या रीतीला मान्यता दिली. त्यांच्या नावानं असलेल्या आठवणींत हे सारं आलं आहे. रीत धर्मावर उभी आणि धर्म कुराणावर उभा, हे आज प्रत्येक सरकारी कचेरीत ऐकू येणारं सूत्र या तडजोडीतून आलं, असं मानतात.

पुढचा हल्ला लेखणीचा. अहमद खतीब हे मिनांगकाबाऊ विद्वान मक्केच्या मुख्य मशिदीत शाफई पंथाचे इमाम झाले. भाच्यांना वारसा देणं म्हणजे अनाथांचा माल खाणं, असं त्यांनी तिथून लिहिलं. पुन्हा गावाकडे राहायला ते आले नाहीत. त्यांचे शिष्य मात्र गावोगाव पसरले. यातून हळूहळू एक तोड निघाली. पिढीजात मालमत्ता, म्हणजे ‘उंच’ पुसाको, आईच्या वंशात राहील. माणसानं स्वतः कमावलेलं ‘खालचं’ पुसाको शरियतप्रमाणे त्याच्या मुलाबाळांत वाटलं जाईल. १९५२मध्ये बुकितिंगी या डोंगरातल्या शहरात उलेमा, कुळप्रमुख आणि शिकलेली मंडळी एकत्र बसली आणि त्यांनी हे सरळ ठरावात उतरवलं. माझ्या मते मातृवंश वाचला तो इथं. त्यानं कमाईवरचा हक्क सोडला आणि जमिनीवरचा घट्ट धरला. बाप मुलांचा झाला, मामाची पकड ढिली पडली, तरी शेत आणि घर हललं नाही.

केरळशी ताडून पाहिलं की हे जास्त स्पष्ट होतं. नायरांचं तरवाड आणि त्यातला कारणवर मामा हे चित्र रुमा गाडांगशी जवळजवळ जुळतं. नवरा रात्रीचा पाहुणा, हेही तेच. पण तिथं इंग्रजी कोर्टांनी रीतीला कायद्याच्या चौकटीत कोंबलं, १९३३च्या मद्रास कायद्यानं वाटणी मागायचा हक्क दिला आणि १९७५च्या केरळच्या कायद्यानं एकत्र कुटुंबच मोडीत काढलं. डचांनी मिनांगकाबाऊंच्या जमिनीचा रस काढला, १८४७पासून सक्तीनं कॉफी पिकवायला लावली, पण वारसा गावाच्या हाती ठेवला. कॉफीची सक्ती उठवून १९०८मध्ये त्यांनी रोख कर बसवला, तेव्हा १८३३च्या जाहीरनाम्यात ‘कर घेणार नाही’ असा शब्द दिलेला लोकांना आठवत होता. बंड झालं. मांगोपो गावात त्या बंडाच्या पुढे एक बाई होती, सिती मांगोपो.

रीतीचा काच कुणाला बसतो, हे कादंबऱ्यांनी जास्त चांगलं सांगितलं. हामका हे मानिंजाऊ सरोवराकाठचे, मोठे धर्मपंडित. त्यांच्या १९३८च्या व्हान डर वाइक जहाजाच्या कादंबरीत झैनुद्दीन हा नायक आहे. त्याचा बाप मिनांगकाबाऊ, आई बुगिस. आईच्या मुलखात कूळ बापाकडून मोजतात, म्हणून तिथं तो परका. बापाच्या मुलखात कूळ आईकडून मोजतात, म्हणून तिथंही परका. त्याचं जिच्यावर प्रेम आहे तिच्या घरचे त्याला नकार देतात, आणि हिशेबानं त्यांचं चूकही नाही. मामा, सुकु म्हणजे कूळ, आणि शेत यांतलं काहीच त्याच्यापाशी नाही. धर्मपंडितानं रीतीवर केलेली ही टीका प्रवचनापेक्षा जास्त लोकांपर्यंत पोचली, आणि २०१३मध्ये तिचा सिनेमा निघाला तो तिकीटबारीवर जोरात चालला.

घरात खोली नसलेले पुरुष जातात कुठे? परमुलखात. याला मरान्ताऊ म्हणतात आणि तरुणानं ते करावंच अशी अपेक्षा असते. कापडाची दुकानं, शिवणकाम, छापखाने, पण सगळ्यांत दिसणारा धंदा खाणावळीचा. इंडोनेशियाच्या कुठल्याही शहरात ‘पाडांग’ खाणावळ सापडते, नाव पश्चिम सुमात्राच्या राजधानीवरून. बसलात की काही न विचारता वाढपी येतो. डाव्या हातावर खांद्यापर्यंत दहा-बारा बशा रचलेल्या: रेंडांग, नारळाच्या रसातला फणस, तळलेलं फुफ्फुस, हिरव्या मिरचीची चटणी, उकडलेली कसाव्याची पानं. सगळं टेबलावर मांडतो. ज्या बशीला हात लावला तिचेच पैसे, बाकी उचलून परत. खऱ्या रेंडांगला तासन्‌तास लागतात. नारळाचं दूध आटून तेल सुटतं आणि त्या तेलात मांस काळपट तपकिरी होईपर्यंत परततात. असं केलेलं मांस आठवडे टिकतं, म्हणजे परमुलखाला निघालेल्या पोराची शिदोरी. आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला तेव्हा तिथं पाडांग खाणावळ आधीच उघडलेली होती, हा विनोद इंडोनेशियात इतका जुना आहे की आता कुणी हसत नाही.

परमुलखात गेलेल्यांनी देशही घडवला. लोकसंख्येच्या तीन टक्क्यांहून कमी असलेल्या या समाजातून उपराष्ट्राध्यक्ष मोहम्मद हत्ता आले, पहिले पंतप्रधान सुतान शारीर आले, परराष्ट्रमंत्री अगुस सालिम, १९५०चे पंतप्रधान मोहम्मद नात्सिर आणि साऱ्यांशी न पटलेला क्रांतिकारक तान मालाकाही. बायकाही मागे नव्हत्या. कोतो गाडांगच्या रोहाना कुदुस यांनी १९१२मध्ये ‘सुंतिंग मलायु’ हे स्त्रियांचं वृत्तपत्र चालवायला घेतलं, तर १९२३मध्ये राहमा अल युनुसिया यांनी पाडांग पांजांगला मुलींची धार्मिक शाळा काढली.

आणि इथं भाषेची गोष्ट सुरू होते. मिनांगकाबाऊ ही मलयची सख्खी बहीण. वेगळी भाषा की मलयची बोली, हा वाद भाषाशास्त्रज्ञ घालतात, बोलणारे फारसा घालत नाहीत. शेवटचा ‘आ’ जाऊन ‘ओ’ येतो: मलय ‘तिगा’, म्हणजे तीन, इथं ‘तिगो’. तांदळाला ‘बेरास’ ऐवजी ‘बारेह’, समुद्राला ‘लाउत’ ऐवजी ‘लाउइक’, मांजराला ‘कुचिंग’ ऐवजी ‘कुचिआंग’. संस्कृतातून गेलेले शब्दही याच साच्यातून निघाले: भाषा ‘बहासो’ झाली, आगम ‘आगामो’ होऊन धर्म झाला. आदित्यवर्मन या चौदाव्या शतकातल्या राजाचे संस्कृत शिलालेख याच डोंगरांत आहेत, त्यामुळे त्यात नवल नाही.

या भाषेची खरी श्रीमंती बोलण्याच्या तऱ्हांत आहे. तिथं चार वाटा शिकवतात. वडीलधाऱ्यांशी चढती वाट, लहानांशी उतरती, बरोबरीच्यांशी सपाट. चौथी तिरकी, डोंगराच्या उतारावरून आडव्या जाणाऱ्या पायवाटेसारखी. ती जावयासाठी, मेहुण्यासाठी, सासऱ्यासाठी, म्हणजे जे घरात आहेत पण कुळात नाहीत अशांसाठी. जावयाला ‘फार दिवस झाले, काहीतरी कामधंदा बघा’ असं तोंडावर म्हणायचं नाही. शेजारच्या गावच्या कुणाचं तरी उदाहरण द्यायचं, पावसाची गोष्ट काढायची, एखादी म्हण अर्धी सोडून द्यायची. उरलेली अर्धी समोरच्यानं मनात पुरी करायची. ज्याला ती पुरी करता येत नाही तो अडाणी. लग्नात दोन्हीकडचे वक्ते समोरासमोर बसून याच भाषेत तासभर उत्तर-प्रत्युत्तर करतात, त्याला पासांबाहान म्हणतात. नुसतं ‘जेवायला बसू या’ एवढं ठरायलाही दहा-वीस मिनिटं जातात, आणि पानातला भात गार होतो याची तक्रार करायची नसते. नवऱ्याला पाहुणा करणाऱ्या कुटुंबपद्धतीला अशा तिरक्या बोलीची गरज पडणारच. रोज समोर दिसणाऱ्या पण आपला नसलेल्या माणसाला दुखवून चालत नाही.

ही भाषा कुणी दाबली नाही. उलट तिच्या माणसांनीच शेजारची भाषा मोठी केली. डचांनी १८५६मध्ये बुकितिंगीत शिक्षकांची शाळा काढली. तिथं काम केलेल्या व्हान ऑपहौसेननं १९०१मध्ये मलयचं रोमन शुद्धलेखन ठरवलं ते मिनांगकाबाऊ शिक्षकांच्या मदतीनं. सरकारी बालाई पुस्ताका प्रकाशनसंस्थेनं विसाच्या दशकात ज्या मलय कादंबऱ्या छापल्या त्यांचे कितीतरी लेखक पाडांगकडचे. मारा रुस्लींची ‘सिती नुर्बाया’ १९२२ची. २८ ऑक्टोबर १९२८ला तरुणांनी याच मलयला इंडोनेशियन म्हणत ‘एक भाषा’ अशी शपथ घेतली, तिचा मसुदा लिहिणारा मोहम्मद यामीनही सावालुंतोजवळचा. घरची भाषा इतकी जवळची होती की शाळेची भाषा उचलताना काही सोडतो आहोत असं वाटलंच नाही. जावाच्या शाळांत जावी भाषा शिकवतात, सुंदांच्या मुलखात सुंदानीज. पश्चिम सुमात्रात स्थानिक विषय म्हणून अनेक वर्षं मिनांगकाबाऊ संस्कृती शिकवली गेली, आणि तीही इंडोनेशियनमधून.

भाषा सैल पडायला राजकारणानंही हातभार लावला. १९५८मध्ये पाडांगमधून मध्यवर्ती सरकारविरुद्ध बंडाची घोषणा झाली, तेव्हा सैन्य उतरलं आणि १९६१पर्यंत सगळं संपलं. त्यानंतर कित्येक घरांनी पोरांना मिनांगकाबाऊ न वाटणारी नावं ठेवली, आणि जकार्ताकडची रीघ वाढली. १९७९च्या कायद्यानं देशभर जावी पद्धतीचं खेडं लागू केलं, तेव्हा नगारी हे शतकानुशतकं चालत आलेलं गाव तुकड्यांत फुटलं. हुकूमशहा सुहार्तो गेल्यावर २०००मध्ये प्रांतानं ठराव करून नगारी परत आणली. जमीन पुन्हा चर्चेत आली. पाडांगहून पेकानबारूकडे जाणारा महामार्ग जिथं जिथं कुळाच्या जमिनीला भिडला तिथं रखडला, कारण मोबदला घेणारा एकच मालक सापडेना. २०२२च्या प्रांताच्या नव्या कायद्यात तर रीत-धर्म-कुराण हे सूत्रच लिहिलं गेलं. १९७४च्या विवाहकायद्यानुसार कुटुंबप्रमुख नवरा, घर मात्र बायकोच्या आईचं: दोन्ही एकाच वेळी खरं, आणि त्यावरून वाद चालूच.

भाषेवरून असा वाद होत नाही. पाडांगमधल्या मध्यमवर्गीय घरांत मुलांशी इंडोनेशियन बोलतात, शाळेत मागे पडू नये म्हणून. मिनांगकाबाऊ विकिपीडियावर दोन लाखांहून जास्त लेख आहेत, मराठीच्या दुपटीच्या आसपास. पण त्यातले बहुतेक संगणकाच्या बॉटनं टाकलेले, कीटक आणि वनस्पतींच्या जातींवरचे दोन-तीन ओळींचे तुकडे. भाषा मरते आहे असं मी म्हणणार नाही. पॉप गाणी, मोबाइलवरचे विनोदी व्हिडिओ, बाजारातली घासाघीस यांत ती चांगली खणखणीत आहे. पण तिथं चालते ती सपाट वाट. चढती आणि तिरकी वाट लागते ती लग्नात आणि मामासमोर, आणि पासांबाहान करणारे वक्ते आता बोलावून आणावे लागतात. इंडोनेशियनमध्ये सासऱ्याशी सरळ बोलता येतं. आजवर अर्ध्या म्हणी पुऱ्या करत बसलेल्या अनेक जावयांना त्यात सुटल्यासारखं वाटत असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही.